रोलप्रेसवाला सेठ

घाम पुसायला पदर सोडला, तेवढ्यात त्यो साड्यांच्या इस्त्रीच्या रोलात गेला. "सेठ, मशीन बंद करा!" मी वरडले. तापलेला रोल फिरूनच राहिला, पदरासंगं हातबी आत वढून राहिला. सेठ बटनापशीच उभा होता. पण त्यानं आधी गिऱ्हाइकाचा शालू पलीकडून अलगद काढून घेतला, मंग बटन दाबलं. माझी बोटं पार रोलापशी जाऊन थांबली. मी पदर वढून सोडवला.

ह्योच माणूस आमाला रोज शिकवतो, "पदर खोचा, साडी तळहातानं सरकवा, बोटं पुढं न्यायची न्हाई, बराबर का?" अन् बोटं अडवणारी जाळी त्यानंच काढून ठेवली. काहून, तर तिच्यानं साड्या हळू जातेत. लग्नसराईत कळमनुरीत कोणाला दम निघत न्हाई म्हणे.

शालूवर फुंकर मारत म्हणला, "डाग न्हाई पडला. नशीब तुझं, बाई."

"अन् हात गेला असता तर? माझ्या लेकराला तुमी भरवलं असतं का?"

"गेला का? न्हाई ना. घे पुढची, बराबर का?"

अंगाची नुस्ती आग झाली. लेकरू तिथंच झोळीत निजलेलं, घरी कमावणारं दुसरं कोणी न्हाई. सेठनं पुढची साडी माझ्यापुढं धरली अन् रोल परत सुरू केला. जाळी तशीच कोपऱ्यात पडलेली.

सांगा, तुमी काय केलं असतं?