नाळेचे ठोके थांबेपर्यंत

मंगळवारी थांबा सिस्टर गेल्या. शाळेत फोन आला तेव्हा मी फळ्यावर गणित लिहीत होते. ते पूर्ण केलं, मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगितलं आणि व्हरांड्यात येऊन उभी राहिले.

‘थांबा सिस्टर’ हे नाव त्यांना वडीगोद्रीच्या आसपासच्या गावांनी दिलं होतं. ज्यांनी त्यांना फक्त आरोग्य केंद्राबाहेर पाहिलं होतं त्यांना त्या नावाचं हसू येई, कारण इतकी घाईची बाई शोधून सापडली नसती. एसटी थांबायच्या आत त्या पायरीवर असत. चहा उकळता पीत आणि समोरच्याचा कप निम्मा असतानाच आपला विसळायला घेत. मी या गावात शिक्षिका म्हणून आले तेव्हा त्यांच्या क्वार्टरला लागूनच मला खोली मिळाली. माझ्या खोलीत दोन कपाटं भरून पुस्तकं. त्यांतलं एखादं उचलून त्या आधी शेवटचं पान वाचायच्या.

“सिस्टर, असं कसं?” मी एकदा न राहवून विचारलं.

“शेवट बराबर असंल तर सुरुवात वाचीन. न्हाईतर डोळ्यांचा खर्चा कशाला?”

अशा बाईंना एका ठिकाणी मात्र घाई बिलकुल चालत नसे. बाळ जन्मलं की त्या ते पुसून आईच्या पोटावर ठेवत, वर कोरडं फडकं पांघरत, नाळेवर दोन बोटं टेकवत आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहत. नाळेत ठोके असतात. हृदयाचे असतात तसेच. ते लागेनासे होईपर्यंत कात्री ट्रेमध्ये पडून राही. कधी दोन मिनिटं, कधी तीन, कधी त्याहून थोडी जास्त. बाहेरचे लोक दार वाजवत. “काय झालं?” “कापली का नाळ?” “आत येऊ का?” या सगळ्याला आतून एकच उत्तर येई, “थांबा!” नाव पडलं ते तिथून.

पूर्वी त्याही लगेच कापत. शिकताना तसंच शिकवलेलं होतं, आणि त्यांच्या स्वभावाला ते मानवणारंही होतं. नोकरीच्या सुरुवातीला भोकरदनकडच्या एका वस्तीवर त्यांना एक म्हातारी सुईण भेटली. ती म्हणाली, “पोरी, तुला कुठं जायचंय का? वार पडल्याबिगर आम्ही नाळीला हात लावत न्हाई.” सिस्टर तेव्हा हसल्या होत्या. पुढे बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणात तज्ज्ञांनी सांगितलं, की नाळ थोडी उशिरा कापावी, नाळेच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या वारेतलं रक्त बाळाकडे येऊ द्यावं, त्यानं पुढचे काही महिने बाळाला लोह पुरतं. ही गोष्ट मला सांगताना त्यांचा चहा चक्क गार झाला होता. “बाई, किती लेकरांची मी घाईनं कापली असंल. ज्यांचं होतं त्यांना दिलं न्हाई मी.” मग एकदम उठून कप विसळायला गेल्या.

आपल्याकडच्या शेतकऱ्यांना त्या हे मोसंबीच्या बागेवरून समजावत. “मोटार बंद केली, तरी पाइपात पाणी असतंय का न्हाई? मंग लगेच पाइप कापता का तुम्ही? ते पाणी झाडाला उतरू देता ना?” उन्हाळ्यात टँकरवर बाग जगवलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नसे.

थांबण्याचा त्यांनी हट्ट मात्र कधी केला नाही. एकदा एक बाळ निपचित आलं. त्यांनी क्षणात नाळ कापली, बाळाला टेबलावर घेतलं आणि श्वास चालू होईपर्यंत मान वर केली नाही. सोबतची शिकाऊ मुलगी नंतर भीत भीत म्हणाली, “सिस्टर, आज तुम्ही थांबल्या न्हाईत.” त्या म्हणाल्या, “कवा थांबायचं न्हाई, हेबी यायला लागतं.”

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. माझं माहेर धावड्याचं, पण आई राहिली नव्हती. शिवाय पोटात बाळ असताना माझं रक्त कमी भरत होतं. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज येई, “बाई, गोळी घेतली का?” घेतली म्हटलं तरी विश्वास नसे, रिकामं पाकीट खिडकीतून दाखवावं लागे. मी त्यांच्याच हाती बाळंत व्हायचं ठरवलं.

बदनापूरहून सासरे आले. त्यांना सगळे आबा म्हणतात. मोसंबी आणि पंचांग या दोन विषयांत त्यांचा शब्द शेवटचा. गावात मूल झालं की पत्रिकेसाठी वेळ आबांनी धरायची, आणि आबांचा नियम असा, की नाळ कापली तोच जन्म. तोवर लेकरू आईचंच अंग.

माझी मुलगी सकाळी दहा अडतीसला बाहेर आली आणि खणखणीत रडली. दहा चाळीसला मूळ नक्षत्र लागत होतं.

“सिस्टर, झालं का?” दाराबाहेरून आबा.

“झालं!”

“मंग नाळ कापा जल्दी! दोन मिनिटं राह्यलीत!”

“थांबा!”

“अहो, मूळ लागून राह्यलं! बापावर येतं ते लेकरू!”

“मूळ तुमच्या पंचांगात लागंल, आबा. इथं ठोके चालू हायेत.”

दारावर थाप पडली. मग आबांचा आवाज खाली आला. “पाया पडतो, बाई. कापा. जलमभर लोक बोलतेत लेकराला.”

ते खोटं नव्हतं. मुळावर जन्मलेल्या मुलींना काय ऐकावं लागतं ते मी वर्गात ऐकलं होतं. सिस्टरांची बोटं नाळेवर होती. घड्याळावरची नजर काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमचं लेकरू हाय, बाई. तुम्ही सांगा.”

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि आबांसमोर माझा आवाज कधी चढला नव्हता. पोटावर ते ऊनऊन ओझं हलत होतं. माझ्या अंगात रक्त नाही, तिला कुठून मिळणार, एवढंच मनात आलं.

“आबा,” मी ओरडले, “थांबू द्या!”

दहा चाळीस झाले. एक्केचाळीस झाले. आणखी थोड्या वेळानं सिस्टर म्हणाल्या, “आता कापते.” मग दार उघडून, “मुलगी हाय. वजन बराबर हाय. या आबा, बघा तुमचं मूळ.”

आबा आत आले, नातीकडे बघत राहिले आणि म्हणाले, “नाक माझ्यावर गेलं.”

केंद्राच्या रजिस्टरात वेळ दहा अडतीसचीच होती. माझे यजमान म्हणाले, “हीच धरा ना.” आबा भडकले. “सगळ्या गावाला नाळीची वेळ दिली, अन् घरच्या लेकराला सोयीची देऊ व्हय?” मुळाची शांत केली. सिस्टर पहिल्या पंगतीला बसल्या, सगळ्यांच्या आधी जेवून उठल्या आणि हात पुसत म्हणाल्या, “आबा, पुरणपोळी झकास. दर साल एक लेकरू मुळावर काढते.” भटजीही हसले.

सहा महिन्यांनी त्यांनी मुलीचं रक्त तपासून घेतलं. उत्तम भरलं. त्या थांबण्याचंच हे श्रेय, असं त्या म्हणाल्या नाहीत. तुमच्या गोळ्या आहेत, अंगावरचं दूध आहे, असं सांगितलं. आबांनी तो कागद दोनदा वाचून घेतला आणि सिस्टरांना मोसंबीच्या पाइपाचं परत एकदा विचारलं.

पुढच्याच वर्षी माझ्या जावेचं बाळंतपण जालन्याच्या दवाखान्यात झालं. आबांनी बंद दारावर थाप मारली. “डॉक्टर, पाइपातलं पाणी उतरू द्या!” आतून नर्स घाबरून बाहेर आली, कुठं नळ फुटला म्हणून. मी सिस्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांना चहाचा ठसका लागला. आबा आता पत्रिकेला लेकरू बाहेर आलेली वेळ धरतात. “आलं तवा आलं,” असं म्हणतात, जणू हे त्यांनीच शोधून काढलं.

निवृत्त झाल्यावर सिस्टर लेकाकडे राहायला गेल्या. शेवटचं आजारपण चारच दिवसांचं झालं, असं त्यांच्या लेकानं सांगितलं. मी पोचले तेव्हा अंगणात बायकाच बायका होत्या. काहींच्या कडेवर मुलं होती, काहींची मुलं मोटारसायकलवरून त्यांना घेऊन आली होती. कुणी तरी त्यांच्या चहाची गोष्ट काढली, मग एसटीची निघाली, आणि रडता रडता आम्ही हसायला लागलो.

माझी मुलगी चौथीत आहे. मुळावरची म्हणून तिला घरात कुणी कधी बोललं नाही. आमच्या केंद्रात आता दोन सिस्टर आहेत. दोघी त्यांच्या हाताखाली शिकल्या. दोघी बाळाला आईच्या पोटावर ठेवतात, आणि नाळेचे ठोके थांबल्यावर कात्री घेतात.