हात टेकायचा नाही

लहान मूल सायकलवरून पडलं तर त्याची बातमी होत नाही. गुडघ्यावर माती, थोडं रडू, विषय संपला. पन्नाशीचा माणूस पडला की मात्र दुपारपर्यंत सगळ्या सिडकोला कळतं, आणि संध्याकाळी लोक चौकशीला येतात ते निम्मे काळजीनं, निम्मे तपशिलासाठी. आमच्या सायकल ग्रुपमध्ये आम्ही पाच जण, सगळे पन्नाशीच्या आसपासचे किंवा पलीकडचे. त्यामुळं आमच्याकडं किस्से साठत जातात, घरात दवाखान्याच्या पिशव्या साठतात तसे.

* * *

सुरुवात डॉक्टर खरातांपासून करतो. ते दातांचे डॉक्टर. त्यांनी मुलाच्या सांगण्यावरून क्लीटचे बूट घेतले. म्हणजे बूट पेडलला खटकन अडकतो आणि टाच बाहेर फिरवल्याशिवाय सुटत नाही. वेग छान येतो. फक्त थांबायच्या आधी ते आठवावं लागतं.

केंब्रिज चौकात सिग्नल लाल झाला. डॉक्टर शिस्तीनं थांबले, पाय टेकायला गेले, पाय येईना. मग ते सायकलसकट डावीकडं कलायला लागले. इतकं सावकाश की आम्हाला "डॉक्टर, टाच!" असं ओरडायला पुरेसा वेळ मिळाला. शेजारी मेथीचा हातगाडा होता. डॉक्टर मेथीत आडवे, पाय अजून पेडलमध्येच.

भाजीवाल्या मावशींनी त्यांच्याकडं जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "जुडी पायजे तर उतरून घ्या की."

* * *

फारुकभाईंचं शहागंजला टाइल्सचं दुकान आहे. त्यांची सायकल आमच्या सगळ्यांच्या सायकलींपेक्षा भारी, आणि त्यांच्या घरात तिला वेगळी खोली आहे. गिअरची नाजूक यंत्रणा उजव्या बाजूला असते, म्हणून फारुकभाई पडायची वेळ आली की डावीकडंच पडतात. हा निर्णय ते क्षणात कसा घेतात हे आम्हाला आजवर समजलेलं नाही.

शरणापूर फाट्याजवळ ते खडीवरून घसरले. डावं कोपर, डावा गुडघा, सगळं सोललेलं. आम्ही उचलायला धावलो तर झोपल्या झोपल्या हात वर करून त्यांनी आम्हाला थांबवलं. "मेरेकु बाद में देखो मियाँ. पैले गिअर देखो."

गिअर ठीक होते. मग ते कण्हायला लागले.

* * *

वैशाली मॅडम शाळेत गणित शिकवतात. त्या हर्सूलजवळ पडल्या आणि पडताना कोणीही करतो तेच त्यांनी केलं, म्हणजे हात पुढं टाकला. मनगट मोडलं. महिनाभर त्यांनी डाव्या हातानं फळ्यावर लिहिलं आणि वर्गातल्या पोरांनी पहिल्यांदाच गणित कळत नसल्याचं खरं कारण सांगितलं.

ह्या प्रकारानं सगळ्यात जास्त घाबरले ते कारभारी नाना. नाना वाळूजच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेले. आधीच्या वर्षी सायकलवरून पडून त्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, आणि तेव्हा सुमनकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दवाखान्यातच आमच्यासमोर सांगून टाकलं होतं, "आता पुन्यांदा सायकलीवरून पडलात तर सायकल शेंद्र्याला जाईल, भाऊजींकडं."

काकू बोलल्या म्हणजे झालं. नानांना सकाळची सायकल सोडून दुसरं व्यसन नाही, रिटायर झाल्यावर करायला दुसरं काही नाही. सायकल गेली तर मी घरात बसून वेडा होईन, असं ते आम्हाला अगदी सरळ सांगायचे. म्हणून त्यांनी ठरवलं, पडणं आपल्या हातात नाही, पण मोडणं आहे.

* * *

नानांचं लहानपण म्हशींमागं गेलेलं. म्हशीवर बसायचं आणि पडायचं, हा त्या वयातला रोजचा कार्यक्रम. त्या अनुभवावर त्यांनी आमचा क्लास सुरू केला.

"हात टेकायचा नाय. हात टेकला की मनगट गेलं. हनवटी छातीला, कोपरं पोटाशी, अन् खांद्यावरून लोळायचं. बस."

जागा शेंद्र्याची, नानांच्या भावाच्या शेतात सोयाबीनच्या भुशाचा ढीग. रविवारी सकाळी आम्ही तिथं जायचो आणि ओळीनं पडायचो. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आयुष्यात कुठल्याही मैदानी खेळात भाग घेतलेला नाही. पण पडण्यात मी बरा निघालो, असं नाना म्हणाले.

बांधावरून एक म्हातारे बाबा जात होते. थांबले, टोपी मागं सारली आणि नानांच्या भावाला विचारलं, हे शहरातले लोक काय करायलेत?

"पडायची प्रॅक्टिस," भाऊ म्हणाला.

बाबांनी आणखी थोडा वेळ पाहिलं. "न पिता?"

* * *

प्रॅक्टिसचा उपयोग झाला. दौलताबादच्या घाटात उतारावर नानांसमोर शेळी आली. त्यांनी ब्रेक दाबला, सायकल एकीकडं गेली, नाना दुसरीकडं. हनुवटी छातीला, कोपरं पोटाशी, खांद्यावरून एक लोळण, आणि नाना उभे! आम्ही टाळ्या वाजवायचंच बाकी ठेवलं. नानांनी स्वतःला न तपासता आधी शेळी तपासली आणि म्हणाले, "गाभण हाय. बरं झालं."

अंगावर ओरखडा नव्हता, पण जर्सी खांद्यावर फाटलेली. ती बघितली तर काकूंना सगळं कळलं असतं. वैशाली मॅडमनी ती घरी नेऊन शिवली, आणि नाना तोवर डॉक्टरांचा शर्ट घालून घरी गेले. काकूंनी विचारलं का, असं आम्ही दुसऱ्या दिवशी विचारलं. काही बोलल्या नाहीत, असं नाना म्हणाले. आम्हाला ते खरं वाटलं नाही.

* * *

आणि मग जालना रोडवरचं ते लग्न. नाना आणि काकू स्कूटीवर, काकू मागं एका बाजूला पाय सोडून, लग्नातली साडी, मांडीवर आहेराची पिशवी. बांधकामाची वाळू रस्त्यावर पसरलेली. स्कूटी घसरली.

आम्ही दवाखान्यात पोचलो तर नानांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. शेजारच्या खुर्चीत काकू, साडीला थोडी वाळू, बाकी काही नाही. बघणारे लोक सांगत होते, बाईंनी हनुवटी छातीला लावली, कोपरं पोटाशी घेतली, खांद्यावरून लोळल्या आणि उठून आधी पदर सारखा केला.

काकू, तुम्हाला कोणी शिकवलं, असं डॉक्टरांनी विचारलं.

"हे रोज सकाळी गच्चीवर गादी टाकून पडायचे. मी धुणं वाळत घालताना बघायचे," काकू म्हणाल्या. "दुपारी हे झोपले की मी बी पडून बघायचे. गादी तिथंच असायची."

नाना भिंतीकडं बघत होते. दारात त्यांचा भाऊ उभा होता, शेंद्र्याहून टेम्पो घेऊन आलेला. काकूंनीच फोन करून बोलावलं होतं, म्हणजे सायकल गेलीच. मला नानांचं फार वाईट वाटलं.

शेवटी वैशाली मॅडमनी विचारलं, कारण त्यांचंही तेच मनगट मोडलं होतं. "नाना, आम्हाला इतकं शिकवलंत. मग तुम्ही हात का टाकलात?"

नानांनी प्लास्टरकडं पाहिलं.

"टेकायला नाय टाकला. हिला धरायला टाकला."

काकू थोडा वेळ पिशवीत काहीतरी शोधत राहिल्या. मग त्यांनी किल्ली काढली आणि दिराच्या हातावर ठेवली.

"घेऊन जा भाऊजी," त्या म्हणाल्या.

नानांच्या सायकलला नंबरचं कुलूप आहे. किल्ली स्कूटीची होती.