थेंबभरानं काय होतंय

वर्षानुवर्षं लॉन्ड्रीत इस्त्री करून तिच्या हाताला एक खोड लागली होती. समोर काही सुकं दिसलं की हात आपोआप पाण्याच्या फवाऱ्याकडे जायचा. सोबतच्या बायका थट्टा करायच्या, "ताई, घरी नवरा कोरडा दिसला तर त्यालाही शिंपडाल!"

"शिंपडून पाहिलंय गं," ती म्हणायची. "सुरकुत्या जात नाहीत."

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दुकान बंद झालं तेव्हा त्यानं आपलं छोटं टेबल घरातल्या खिडकीशी आणून मांडलं. त्याच खिडकीत लेकीची कुंडी होती. कुंडीत जाड, गुबगुबीत पानांचं, कळीसारखं गोल रचलेलं, पानांतच पाणी साठवणारं सक्युलंट. लेक दूरच्या शहरात नोकरीला निघाली, त्या दिवशी बाप दारात उभा राहून म्हणाला होता, "गेलीस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस." लेकही बापावरच गेलेली. तिनं बॅग उचलली आणि आईला एवढंच सांगितलं, "माझ्या झाडाकडे बघ."

तेव्हापासून दर रविवारी फोनवर एकच ओळ यायची: झाड कसं आहे? आई फोटो काढून पाठवायची, पलीकडून अंगठा यायचा. बाबांची चौकशी नाही, तुझं कसं चाललंय नाही. मायलेकींत बोलणं म्हणून उरलं होतं ते एवढंच. म्हणून तिनं त्या झाडाला फुलासारखं जपलं. कामावर जाताना एक फवारा, आल्यावर एक फवारा.

आणि झाडानं मान टाकली. आधी खालची पानं पिवळी पडली, मग ओल्या काचेसारखी आरपार दिसू लागली. नुसतं बोट लागलं तरी गळून हातात यायची, आत सगळं पाणी. तहानलंय बिचारं, असं वाटून तिनं आणखी शिंपडलं. रविवारी फोन वाजला तेव्हा खोडाजवळ काळं पडलं होतं. तिनं एक जुना फोटो शोधला आणि तोच पाठवून दिला. अंगठा आला. पुढच्या रविवारी दुसरा जुना फोटो. मग तिसरा. जुने फोटो संपत आले होते.

शेवटी कुंडी टॉवेलात गुंडाळून तिनं रोपवाटिका गाठली. तिथल्या माणसानं मातीत बोट खुपसलं आणि नाकाशी नेलं.

"काकू, पाणी किती घालता?"

"घालत नाही हो. नुसतं शिंपडते."

"नुसतं शिंपडून एवढा चिखल नाही होत. घरात आणखी कोण घालतं?"

"कोण घालणार? आम्ही दोघंच. आणि ह्यांचं नि झाडाचं वैर आहे."

"मग वैऱ्यानंच घातलं असेल," तो हसला. तिचा चेहरा बघून मात्र त्यानं कुंडी फिरवून खोड नीट बघितलं. "खालून वर कापत जा. आत काळं दिसेल तोवर कापायचं. स्वच्छ भाग मिळाला तर तो कोरड्यात ठेवा. मुळं फुटेपर्यंत पाण्याचं नावही काढायचं नाही. शेंड्यापर्यंत काळं निघालं, तर टाकून द्या."

घरी आल्यावर तिनं कुंडी नवऱ्याच्या टेबलावर ठेवली. तो डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळावर वाकला होता.

"कुजलंय. जास्त पाण्यानं. दुसरं कोण घालतं, असं विचारत होता तो."

त्याचा चिमटा हवेतच थांबला. मग त्यानं खण उघडला आणि एक ड्रॉपर काढून टेबलावर ठेवला.

"थेंबभरच घालायचो," तो म्हणाला. "थेंबभरानं काय होतंय."

"एकच थेंब?"

"प्रत्येक पानाला एक. तू कामाला गेलीस की." त्यानं भर घातली, "दुपारी पण. कधी कधी चहा झाल्यावर."

तोंड दाखवू नकोस म्हणणारा हा माणूस, आणि पानापानाला थेंब. तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण तिनं कुंडीच त्याच्यापुढे सरकवली.

"कापा," ती म्हणाली.

त्यानं आपल्या हत्यारांतलं सगळ्यात पातळ पातं निवडलं. पहिल्या कापाला आत काळं कडं दिसलं. त्यानं वर कापलं, तर तिथं तपकिरी. पानं टपटप गळत होती, बायको एकेक उचलून हातात धरत होती.

"अजून आहे. एक ठिपका," भिंगातून बघत तो म्हणाला.

"एवढासा ना? राहू द्या हो. काही उरणारच नाही."

"एवढ्याशा गंजानं अख्खं घड्याळ बंद पडतं." आणि त्यानं पुन्हा कापलं.

उरली ती शर्टाच्या बटणाएवढी कळी.

"स्वच्छ आहे?"

"दिसतंय तरी."

त्यानं ती घड्याळाच्या सुट्या काचेत ठेवली.

रविवारी फोन वाजला. झाड कसं आहे? न पाठवलेला शेवटचा जुना फोटो तिनं उघडला. नवरा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"हा जुना आहे."

"मग काय दाखवू तिला? हे बटण?"

"हेच दाखव."

"तिनं विचारायचंच बंद केलं तर?"

त्यानं कळीची काच उजेडात सरकवली. म्हणाला, "लिही, बाबांनी पाणी घातलं म्हणून."

तिनं कळीचा फोटो काढला, खाली तसं लिहिलं. मग 'बाबांनी' खोडून 'आम्ही दोघांनी' लिहिलं. आधीचे फोटो जुने होते, हेही लिहिलं, आणि पाठवलं. लगेच दोन निळ्या खुणा आल्या. लेकीनं वाचलं होतं.

अंगठा आला नाही.

ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर गेलं. त्यानं एकही घड्याळ उघडलं नाही, तिनं चूल पेटवली नाही. कळीच्या कडेचं एक पान सुरकुतलं होतं. तिचा हात उठला आणि खिडकीतल्या फवाऱ्याकडे गेला. त्यानं तिचं मनगट धरलं.

"नको गं."

"सुकतंय हो ते."

"सुकू दे."

मनगट त्यानं सोडलं नाही. तिनंही सोडवून घेतलं नाही. काचेतल्या कळीशेजारी फोन उताणा पडला होता, आणि दोघं त्या दोन्हींकडे बघत बसली.