भेज्याला लावलेली हळद

माझे वडील, आबा, फौजेतून पेन्शनवर आलेले, पलूसजवळ ऊस करायचे. सांगलीत त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "मगाशी मी कुठं हुतो रं? झोपलो न्हवतो. झोपंत माणूस कूस तरी बदलतंय." मी कॉलेजात फिजिक्स शिकवणारा. मला उत्तर येत नव्हतं आणि येत नाही म्हणायची लाज वाटली.

त्या सुमारास एक वादग्रस्त तर्क वाचनात आला. मेंदूच्या पेशींत अतिसूक्ष्म पोकळ नलिका असतात, त्यांत क्वांटमचे खेळ चालतात, त्यांतूनच जाणीव उपजते आणि भुलीचं औषध तेच खेळ बंद पाडतं. आबांना सांगितलं. "मग बघ की करून," म्हणाले. विभागप्रमुखांनी हसत का होईना, सुट्टीपुरती प्रयोगशाळा दिली. ताजे भेजे लागायचे. आबाच ते गावच्या खाटकाकडून घेऊन, बर्फाच्या डब्यात घालून एसटीनं आणून द्यायचे.

भेजा वाटून, गाळून जमेल तेवढ्या नलिका वेगळ्या केल्या. जांभळ्या दिव्याखाली तो द्रव हिरवट पिवळा चमकला. भुलीचं ईथर घातलं की चमक बदलायची, दर खेपेला. मी हुरळलो. आबांना म्हटलं, तुमचं उत्तर सापडतंय. स्टाफरूममध्येही सांगून बसलो.

प्रमुख बघायला आले. त्यांनी डब्यातून बोट फिरवलं, वास घेतला. "अहो, ही हळद आहे. ती अशीच चमकते, आणि ईथरात चमक बदलतेही."

आबा तिथंच स्टुलावर बसले होते. "उनानं नासंल म्हनून मीठ-हळद चोळली," ते म्हणाले. "मटणाला लावतोच की आपण."

शिपाईसुद्धा हसला. मी तो पिवळेपणा चरबीचा समजलो होतो. सांगलीसारख्या हळदीच्या पेठेत उभा जन्म काढून! दुसऱ्या खाटकाकडून एक भेजा स्वतः आणून तुलनेला घेतला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. चूक सगळी माझी, आणि ओरडलो मात्र आबांवर, चारचौघांत. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला अक्कल चालवायला?" ते उठले. रिकामा डबा काखेत मारून स्टँडवर गेले.

प्रयोग मी पुन्हा केला नाही. कारणं पुष्कळ सांगितली. खरं म्हणजे पुन्हा हसं व्हायची भीती होती.

दोन वर्षांनी त्यांचं दुसऱ्या बाजूचं ऑपरेशन झालं. मी खाटेशी खुर्ची ओढून बसलो. ते तोच प्रश्न विचारतील, मग माफी मागू, असं ठरवलं होतं. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं.

"पलूसची गाडी कितीला हाय रं?"