माझ्या बरगड्या चुलीवर

चहा आधी पिऊन घ्या बाई, मधेच ठसका लागेल. माझ्या मूर्खपणाची गोष्ट आहे, आणि तीही डुकराच्या बरगड्यांपायी!

आमचे हे वसईला एका हॉटेलात स्वयंपाकी. मी इथं पोशेऱ्यात, शेतीपाशी. शिमग्याला आले तेव्हा यांनी चुलीवर बरगड्या केल्या होत्या. गूळ, चिंच, लसूण, मिरची आणि हॉटेलातून आणलेला काळा सॉस. गोड, खारट, आंबट... आणि वरून असा चकाकता लेप, की त्यात बघून टिकली लावावी! दुसऱ्या दिवशी हे गेले. मग भाताची लावणी झाली, नाचणीही कापून झाली. हे काही आले नाहीत. सुट्टीच मिळेना.

त्या दिवशी सकाळी गावात कुणीतरी पाळलेलं डुक्कर कापलं. म्हटलं, माणूस नाही तर नाही, त्याच्या हातची चव तरी घरात येऊ दे!

बरगड्या आणल्या, पण पुढचं कुठं आठवतंय? आमच्याकडे खडकावर चढल्याशिवाय रेंज नाही. चढले. फोन लावला.

"अहो, बरगड्या फोडल्यात!"

"काय?"

"बरगड्या! दोन-तीन ठिकाणी फोडल्यात! आता काय करू?"

"अगं बाई! हल... नको! अजिबात हल... नको! हळद लाव! शेक दे! मी..."

आणि फोन मेला.

बघा, किती सोपं! हळद लावायची, शेक द्यायचा, हलवायचं नाही. बरगड्यांना हळद चोळली, गूळ-चिंचेचा रस ओतला, खाली जाळ केला आणि पळी लांब ठेवून बसले. पहिला वास आला तेव्हा वाटलं, हे मागंच उभे आहेत. डोळे भरून आले हो. मग धूर आला. तरी मी हलवलं नाही! नवऱ्याचा शब्द!

तेवढ्यात दारात जीप. जामसरची नणंद, आणि तिच्याबरोबर बांबूच्या कामट्या घेऊन हाडं बसवणारा म्हातारा!

"वहिनी, उठलीस कशाला? आडवी हो!"

"का गं?"

"दादाचा फोन आला. तुझ्या बरगड्या मोडल्यात!"

"माझ्या? अगं, त्या चुलीवर आहेत!"

म्हातारा मान हलवत म्हणाला, "मार डोक्याला लागलाय."

ऊन कलायच्या आत हेही दारात! हॉटेलचा एप्रन अंगावर तसाच, चेहरा उतरलेला. आठ महिन्यांत किती काय बोलायचं साठवलं होतं! यांनी मला वरून खाली बघितलं, मग पातेल्यातला कोळसा बघितला.

"हे काय?"

"तुम्हीच म्हणालात, हलवू नको."

"अगं, तू हलू नको म्हणालो!"

हे उंबऱ्यावर बसून हसले, आणि हसता हसता एप्रननं डोळे पुसायला लागले. मग चार तुकडे वाचवून, खरवडून, नव्यानं गूळ घालून स्वतः परतले. म्हाताऱ्यानंही खाल्ले.

बायकोच्या बरगड्यांसाठी मालकानं चार दिवस सुट्टी दिली होती. भुर्रकन गेले ते दिवस. निघताना बॅग खांद्यावर टाकून हे हळूच म्हणाले, "काय गं, कुठं दुखतंबिखतं का?"

मी पदर तोंडाला लावून फिदीफिदी हसले. "छे! एकदम ठणठणीत!"

जीप वळणाआड गेली आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. एकदा "हो, दुखतंय" म्हणायला काय झालं होतं मला?