दुसऱ्याचे डबे

आमच्या अमेरिकेतल्या, नेपरव्हिलच्या गॅरेजमधल्या गाडीने चौदा वर्षांत एकही सिग्नल तोडला नाही. कारण ती चाललीच नाही.

जुनी अमेरिकन मसल कार होती ती. भलंमोठं इंजिन, लांब नाक आणि दांडगा आवाज. (आवाज विकणाऱ्याने तोंडानेच काढून दाखवला होता!) दुरुस्त करायची म्हणून मी ती सगळी उघडली. जोडायची तेवढी राहिली. दर हिवाळ्यात माझी बायको मृणाल बाहेर उभ्या असलेल्या तिच्या कारवरचा बर्फ खरवडायची आणि मग घरात येऊन मला. शेवटी ऑक्टोबरात तिचा बांध फुटला.

"बर्फाआधी हे धूड गेलं नाही ना, तर तू गॅरेजमध्ये झोपायचं!"

मी चिडून जाहिरात टाकली. रिक नावाचे एक रिटायर्ड मेकॅनिक तयार झाले, पण त्यांची अट होती: सगळे पार्ट्स लेबल केलेले हवेत, नाहीतर नो डील. लेबल? अहो, माझा एकेक नटबोल्ट डब्यात होता आणि डब्यावर मराठीत चिठ्ठी: 'डावं दार', 'रेडिएटर', 'नंतर बघू'. ('नंतर बघू'चे सात डबे होते.)

शनिवारी रिक ट्रेलर घेऊन हजर. मी ऐटीत गॅरेज उघडलं, तर डब्यांची फळी रिकामी! खाली एक बादली, आणि तिच्यात चौदा वर्षांच्या नटबोल्टांची भेळ!

"आई!!"

पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली आई पदराला हात पुसत आली.

"केवढ्यांदा ओरडतोस! डबे शेजारच्या जोशीकाकूंचे होते, फराळाचे. दुसऱ्याचा डबा घरात ठेवून घेतलेला मला नाही चालत. घासले आणि दिले परत."

"आणि चिठ्ठ्या?"

"गरम पाण्यात निघाल्या. रिकामे नाही हं दिले, रव्याचे लाडू घातले."

"लाडू?! अगं, माझं डील गेलं!"

"आवाज खाली! चौदा वर्षं लोकांचे डबे दाबून बसतोस आणि वर माझ्यावर डाफरतोस?"

माझं डोकं असं फिरलं की मी बादलीला लाथ घातली. (बादली हलली नाही. अंगठा सुजला.)

रिक मात्र खाली बसून बादली चाळत होते. त्यांनी चार लांब बोल्ट वर काढले.

"हे कारचे नाहीत."

"कारचेच आहेत!" मी तावातावाने म्हणालो.

"नो सर. बेबी क्रिबचे आहेत. गेल्याच महिन्यात मी नातवाची जोडली."

आरडाओरडा ऐकून बाहेर आलेली मृणाल पायरीवरच थांबली. आमची बारा वर्षांची सई तिच्या मागून म्हणाली, "वेट. माय क्रिब?"

तिची क्रिब, म्हणजे तान्हेपणीचा कठड्याचा पलंग, मीच जोडली होती. चार बोल्ट उरले तेव्हा कंपनीने जास्तीचे दिले असं समजून मी खूश होऊन ते 'नंतर बघू'त टाकले होते. पोर दोन वर्षं तिच्यात झोपली!

"पडली नाही ना पण?" मी म्हणालो. मृणालने सईला जवळ ओढलं. आईसुद्धा माझ्याकडे बघेना.

रिकनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि घाबरतच विचारलं, "हिच्यात तुम्ही स्वतः काय काय जोडलंय?"

"काहीच नाही," मी खालमानेने म्हणालो. "फक्त उघडलंय."

"थँक गॉड!" म्हणत त्यांनी तिथल्या तिथे हात मिळवला. चौदा वर्षांत मी त्या गाडीत एकही बोल्ट बसवला नाही, या एकमेव गुणावर ती विकली गेली!