सासूबाईंची नखं

सासरे गेल्यावर सासूबाई नागपूरहून आमच्याकडे व्हाइटफील्डला राहायला आल्या. भर एप्रिलमध्येही त्यांच्या पायांत मोजे असायचे. बायकोने विचारलं की म्हणायच्या, "तुमचं बेंगळुरू थंड आहे गं."

पुढे बायकोला कंपनीने काही महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं आणि घरात आम्ही दोघंच उरलो. शेजारच्या अक्कांबरोबर रोज फिरायला जाणाऱ्या सासूबाईंनी अचानक फिरणं बंद केलं. एका रविवारी बाल्कनीत झाडांना पाणी घालताना त्यांचे मोजे भिजले. त्या ते काढत असतानाच मी चहा घेऊन गेलो. दोन्ही अंगठ्यांची नखं पिवळी, जाड झाली होती, कडेने भुगा होत होता. एक तर वर उचललं गेलं होतं.

त्यांनी पाय चटकन साडीखाली ओढले. "बघू नका. घाण आहे ते."

"आई, दुखतं का?"

"चप्पल घातली की दुखतं." मग खाली बघत म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. हळद लावली, व्हिनेगर लावलं. तिला सांगू नका."

त्यांना मधुमेह होता, त्यामुळे मला काळजी वाटली. मी त्यांना त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पाय हातात घेऊन नीट पाहिले. "हे स्वच्छतेच्या अभावामुळे झालेलं नाही," त्या हिंदीत म्हणाल्या, "वय झालं, शुगर असली की बुरशीला फावतं." सासूबाईंचा चेहरा तिथेच निवळला. नुसतं बघून खात्री देता येत नाही म्हणून डॉक्टरांनी नखाचे तुकडे तपासायला पाठवले. बुरशीच निघाली. लिव्हरची रक्ततपासणी झाल्यावर गोळ्या सुरू झाल्या.

"बिघडलेलं नख सुधारत नाही," डॉक्टरांनी समजावलं. "मुळातून नवं येतं आणि जुन्याला पुढे ढकलतं. वर्ष तरी लागेल. तोवर बोटांच्या मधली जागा कोरडी ठेवा, मोजे रोज बदला, नेलकटर वेगळा ठेवा. आणि जाड झालेलं नख कानसीने हलकेच घासत राहा."

घासायचं कोणी, हा प्रश्न होता. सासूबाईंना वाकता येत नव्हतं आणि नीट दिसतही नव्हतं.

"जावयाने पायाला हात लावायचा? मला नरकातही जागा मिळायची नाही," त्या म्हणाल्या.

"मग मुलगा समजा."

त्यांनी साडी घोट्यापर्यंत वर घेतली. मग पाय पुढे केला.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी बाल्कनीत टॉवेल पसरून मी नखं घासायचो, औषध लावायचो. लग्नानंतर आमचं बोलणं जेवलात का, झोपलात का, एवढंच होतं. आता त्या बोलू लागल्या. शाळेत गणित शिकवायच्या तेव्हाच्या गोष्टी, सासऱ्यांच्या शेवटच्या दिवसांतल्या गोष्टी. एकदा म्हणाल्या, "लग्नात तुमचे पाय धुतले ना, तेव्हा तुमच्या अंगठ्याचं नख काळंनिळं होतं. बघून वाईट वाटलं होतं. पण विचारायचं कसं?"

ते क्रिकेटच्या चेंडूने झालं होतं. लग्नाच्या गडबडीत माझ्या घरच्या कुणाचंही तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

हळूहळू मुळाशी गुलाबी पट्टी दिसू लागली. बायको परत आली तेव्हा सासूबाईंनी स्वतःच मोजे काढून तिला पाय दाखवले आणि सगळं सांगितलं. ती रडली, मग रागावली.

आता एक नख पूर्ण स्वच्छ आहे, दुसरं जरा वाकडंच आलं. डॉक्टर म्हणतात, ते तसंच राहील. पुन्हा होऊ नये म्हणून लक्ष मात्र ठेवायचं. सासूबाई अक्कांबरोबर पुन्हा फिरायला जातात. माझी आई मी कॉलेजात असताना गेली. तिचे पाय कसे होते, मला आठवत नाही. सासूबाईंनी त्या रविवारी पाय पुढे केला, याबद्दल मी त्यांचा फार ऋणी आहे.